गच्चीवरच्या ताईला

प्रिय ताई,

नाव कुठे यायला नको, ही तुझी अट, म्हणून नुसतं ताई. स्वतःच्या एमपीटीचं, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासाचं, ओझं सांभाळून होस्टेलच्या गच्चीवर तू आम्हा मुलींना संध्याकाळी व्यायाम शिकवलास, तोही फुकट. आमच्यातल्या बहुतेकींचा व्यायामाशी संबंध शाळेतल्या पीटीच्या तासाबरोबरच सुटलेला.

आम्हाला हवं होतं सपाट पोट. तू काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरायला लावलीस आणि म्हणालीस, ‘आता पूर्ण खाली बसा.’ कुणाचे गुडघे आत वळले, कुणी पुढे झुकलं, माझ्या टाचा उचलल्या गेल्या. माझ्या टाचांखाली तू फळी सरकवलीस, आणि मी नीट खाली बसले! ‘तुझे घोटे आखडलेत. नुसत्या प्लँकने, कोपरं आणि पायाची बोटं टेकून शरीर फळीसारखं ताठ धरण्याने, हे सुटायचं नाही.’ मग भिंतीसमोर टाच टेकवून गुडघा पुढे नेण्याचा तो कंटाळवाणा व्यायाम माझ्या वाट्याला आला. गुण त्यानेच आला.

काठी धरून बसण्याची ती चाचणी ग्रे कुक आणि ली बर्टन यांच्या ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’मधली, म्हणजे शरीराच्या हालचाली तपासायच्या पद्धतीतली. सात हालचाली, प्रत्येकीला फार तर ३ गुण, एकूण २१. दुखलं की शून्य. मात्र कमी गुण म्हणजे उद्या दुखापत होणार असं नव्हे, हेही तू लगेच सांगितलंस. घाबरवून व्यायामाला लावणारे खूप भेटतात गं, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

पोटासाठी तू कॅनडाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन प्रकार दिलेस: कर्ल-अप (उताणं झोपून डोकं-खांदे जरासे उचलणं), साइड प्लँक (कुशीवर एका कोपरावर शरीर ताठ धरणं), बर्ड डॉग (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे ताणणं). दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. श्वास कोंडायचा नाही. थरथरत मिनिटं मोजणाऱ्या आमच्या प्लँकच्या शर्यती तू बंद पाडल्यास. हातपाय हलत असताना कंबर जागच्या जागी ठेवणं हे पोटाच्या स्नायूंचं मुख्य काम, आणि हात उचलायच्या आधीच पोटातला सर्वांत खोल स्नायू आवळला जातो, हे सांगताना तू माझंच बोट माझ्या ओटीपोटावर, कंबरेच्या हाडाच्या आत टेकवलंस. दुसरा हात झटकन उचलला तर बोटाखाली खरंच काहीतरी ताठलं. पुस्तकातलं चित्र बघून हे कळलं नसतं.

पोट सपाट झालेलं नाही, हे तुला कळवायलाच हवं. पण पाण्याचा वीस लिटरचा जार उचलताना आता पाठ वाकत नाही, आणि गावी पंगतीत वाढताना वाकून कंबर धरत नाही. आजीच्या ते नजरेस आलं. तिने तुला आशीर्वाद सांगितलाय.

मनापासून आभार, ताई. एक शंका राहिलीच: बर्ड डॉगमध्ये उजवा पाय मागे नेला तर सगळं स्थिर असतं, डावा नेला की कंबर एका बाजूला कलते. पाय थोडा कमी उचलू, की आधी नुसता हातच पुढे करत राहू? सवडीने कळव.

तुझी,
खोली नंबर बाराची