ब्राझीलच्या काजूपट्ट्याशी गोव्याने थेट नाते जोडावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याच्या परदेशी संबंधांची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा लिस्बनपासून सुरू होते आणि लिस्बनपाशीच संपते. २०१४ च्या जानेवारीत आपल्याकडे लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीजभाषक देशांच्या, क्रीडा स्पर्धा झाल्या, २०२१ मध्ये भारत पोर्तुगीजभाषक राष्ट्रांच्या समुदायाचा सहयोगी निरीक्षक झाला आणि २०२२ च्या डिसेंबरात गोव्यात आंतरराष्ट्रीय लुसोफोन महोत्सवही भरला. या सर्व उपक्रमांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु सत्तरी, पेडणे, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या हाती त्यातून काय आले, असा प्रश्न कोणी विचारलाच तर त्याला सांगण्यासारखे उत्तर सापडत नाही. मी स्वतः सत्तरीत काजूची बागायत करतो. ज्या देशातून आपले हे मुख्य पीक आले, त्या ब्राझीलच्या ईशान्य भागाशी शेती, शिक्षण आणि व्यापार या तिन्ही अंगांनी गोव्याने थेट संबंध जोडावेत, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

काजू मूळचा आपला नव्हे, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तो आला केव्हा, याचा माग मात्र मोठा रंजक आहे. गार्सिया द ओर्ता यांचा भारतातील औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आंबा, फणस, नारळ यांविषयी भरभरून लिहिलेले असूनही काजूचा उल्लेख नाही. पुढे क्रिस्तोव्हाव द कोस्ता यांच्या १५७८ सालच्या ग्रंथात मात्र कोचीनला पाहिलेल्या काजूचे वर्णन येते. म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे झाड पश्चिम किनाऱ्यावर रुजत होते, असे म्हणायला हरकत नाही. काजूबरोबर किंवा थोड्या मागेपुढे अननस, पपई, पेरू आणि मिरची ही अमेरिकेतील पिके आपल्याकडे आली, आणि इकडचा आंबा व फणस त्याच जहाजी मार्गांनी ब्राझीलला पोचले. गोव्याच्या आणि ब्राझीलच्या शेतकऱ्याने एकमेकांचे तोंड न पाहता एकमेकांची परसबाग भरून टाकली. आज गोव्यात काजूखाली सुमारे ५५ हजार हेक्टर जमीन आहे आणि क्षेत्राच्या हिशेबाने भात किंवा नारळापेक्षाही हे मोठे पीक आहे. तरीसुद्धा काजूच्या माहेरी आपले कोणी जात नाही आणि तिकडचे कोणी आपल्याकडे येत नाही.

या प्रश्नाचे मूळ बोंडूत, म्हणजे काजूबीला जोडलेल्या रसाळ फळात, आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बोंडूचे वजन बीच्या सहा ते दहा पट भरते. भारतातील अन्य काजू उत्पादक राज्यांत बी काढून घेतल्यावर बहुतांश बोंडू झाडाखालीच कुजतात. गोव्यात त्यांची फेणी होते, आणि त्याबद्दल आपल्या पूर्वजांच्या कसबाला दाद द्यावी तेवढी थोडी आहे. फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो योग्यच होता. मात्र ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे, त्यांना त्यातील नासाडीही ठाऊक आहे. पहाटे झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करायचे, बिया पिळून वेगळ्या करायच्या, मग कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, बोंडू तुडवून रस काढायचा. तुडवून उरलेला चोथा वेलीने आवळून त्यावर दगड ठेवला की थेंबथेंब निरो गळू लागतो. हा निरो ताजा असताना जितका गोड आणि सुगंधी असतो, तितकाच तो नाजूकही असतो. सकाळी काढलेला निरो संध्याकाळी चवीला बदलतो आणि दुसऱ्या दिवशी आंबतो. त्यामुळे फेणी गाळण्याची भाटी (भट्टी) जवळ असेल तर बोंडूला दर मिळतो आणि भाटी लांब असेल किंवा ती पेटवणारे हात थकले असतील, तर बोंडू वाया जातात. आमच्या भागात तरुण मुले आता भाटीकडे वळत नाहीत. घराण्याची भाटी बंद झाली की त्या बागायतीतले बोंडू गुरांच्या आणि माकडांच्या वाट्याला जातात.

ब्राझीलच्या सिआरा, पिआवी आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या तीन राज्यांत त्या देशातील बहुतेक काजू पिकतो. तेथे बोंडूला फळ म्हणून मान आहे. त्याचा रस घरोघरी आणि उपाहारगृहांत पितात, त्याचा गर गोठवून विकतात, मुरंबा आणि मिठाई करतात. पिआवीत त्यापासून ‘काजुईना’ नावाचे पेय तयार होते, त्याची कृती आपल्या बागायतदारांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. बोंडूच्या रसात जिलेटिन घातले की घसा धरणारा तुरटपणा त्याला चिकटतो आणि रसात ढगासारखे पुंजके तयार होतात. ते कापडातून गाळून वेगळे केले की पारदर्शक रस उरतो. तो बाटल्यांत भरून, बाटल्या बंद करून, गरम पाण्यात बराच वेळ ठेवतात. रसातील साखर त्या उष्णतेने हळूहळू करपल्यासारखी होऊन रसाला मधासारखा रंग चढतो आणि तो महिनोन्महिने टिकतो. यात मद्यार्काचा अंशही नसतो. किंबहुना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिआरातील औषधनिर्माते व लेखक रोदोल्फो तेओफिलो यांनी हे पेय पुढे आणले, ते दारूला पर्याय असावा म्हणूनच. पिआवीतील कुटुंबे ते घरी करतात, पाहुण्याला देतात, लग्नकार्यात वाढतात. २०१४ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने काजुईनाच्या या पारंपरिक निर्मितीची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

हे सगळे करायला फार मोठा कारखाना लागत नाही. लागते ते तंत्र, स्वच्छता आणि बोंडूची नेमकी निवड. यामुळे फेणीवर गदा येईल अशी भीती काही जण व्यक्त करतात. ती मला अनाठायी वाटते. फेणीसाठी बोंडू झाडावर पूर्ण पिकून आपोआप खाली पडावा लागतो, तर ताजे फळ म्हणून विकायचा बोंडू हाताने तोडावा लागतो. आपली जुनी झाडे उंच आणि पसरट असल्याने तोडणी शक्यच होत नाही, म्हणून आपल्याकडे बोंडू बाजारात फळ म्हणून आलाच नाही. ब्राझीलमध्ये ‘एम्ब्रापा’सारख्या सरकारी कृषी संशोधन संस्थांनी ठेंगण्या काजूची कलमे निवडली. त्यांपैकी ‘सीसीपी ७६’ हे १९८३ साली प्रसारित झालेले कलम आजही तेथे ताज्या फळासाठी प्रसिद्ध आहे. माणसाने जमिनीवर उभे राहून तोडावे, थंड खोलीत ठेवावे आणि शहरातल्या दुकानात थाळीत मांडून विकावे, अशी तेथील पद्धत आहे. जुन्या झाडांवर हुर्राक (पहिल्या गाळपाची सौम्य दारू) आणि फेणी चालत राहील. नव्या लागवडीतून फळ आणि रस असा दुसरा रस्ता खुला होईल. ज्या घरांना भाटी नको आहे, त्यांनाही उत्पन्नाचे साधन मिळेल.

‘एम्ब्रापा’ने अंगीकारलेली आणखी एक पद्धत गोव्याला अत्यंत उपयोगी ठरेल, असे मला वाटते. आपल्या डोंगरउतारांवरील काजू बव्हंशी बियांपासून उगवलेला आणि आता म्हातारा झालेला आहे. तो मुळासकट उपटून नवी लागवड करायची, तर पावसात उतार धुऊन जातो आणि पाचसहा वर्षांचे उत्पन्नही बुडते. ब्राझीलमध्ये अशी जुनी झाडे जमिनीपासून गुडघाभर उंचीवर कापतात आणि बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांवर चांगल्या जातीची कलमे बांधतात. मुळे जुनीच राहिल्यामुळे फळ लवकर धरते. भारतातही शीर्षकलमाचे असे प्रयोग पूर्वी झाले, पण कापलेल्या बुंध्यात खोडकिडा शिरून झाडे दगावण्याचा त्रास मोठा होता. ब्राझीलमध्ये ही पद्धत टिकली, तर तेथे कापणीचा काळ कोणता, जखमेवर काय लावतात, किती बुंधे मरतात, हे प्रत्यक्ष पाहून यायला हवे. पुस्तकात वाचून कलम बांधता येत नाही.

तेथील कलमे आणून आपल्या रानात सरसकट लावावीत, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. सिआरा आणि पिआवीचा बराच भाग अर्धशुष्क आहे आणि २०१२ पासून पुढे सलग काही वर्षे पडलेल्या दुष्काळात तेथील काजूचे अतोनात नुकसान झाले. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभ्या दगडाची जमीन आणि मोहोरावर तुटून पडणारा ढेकण्या. आपल्या हवामानाला जुळलेल्या वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या शेजारच्या जाती आणि एला येथील संशोधकांनी निवडलेली बाळ्ळी जात यांना बाजूला सारण्याचे काहीच कारण नाही. विलगीकरणाचे नियम पाळून, मोजक्या झाडांवर आणि संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली चाचणी व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोव्याला या कामात जो लाभ आहे तो केरळला किंवा आंध्रालाही नाही. ब्राझीलमधील काजूविषयीचे बरेचसे व्यवहार्य ज्ञान, म्हणजे शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिका, कलमांची माहितीपत्रके, रसनिर्मितीच्या सूचना, पोर्तुगीज भाषेत आहे. आपल्या गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवली जाते आणि तेथून दरवर्षी पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मुले बाहेर पडतात. त्यांच्यातल्या काहींना या पुस्तिका मराठीत आणि कोंकणीत आणण्याचे काम मानधनासह दिले, तर त्यांच्या भाषाज्ञानाला गोव्याच्या मातीत उपयोग सापडेल. जुन्या गोव्याजवळ एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, सुळकर्णे येथे कृषी महाविद्यालय आहे. या तिघांनी मिळून फोर्तालेझा येथील एम्ब्रापाच्या केंद्राशी विद्यार्थी व संशोधकांच्या देवाणघेवाणीचा करार करावा. यात एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. आपला हंगाम फेब्रुवारी ते मे असा असतो, तर ब्राझीलचा साधारणपणे वर्षाच्या उत्तरार्धात येतो. आपला हंगाम आटोपून गेलेला विद्यार्थी तेथे पुन्हा मोहोरापासून काढणीपर्यंत सर्व पाहू शकतो. एका वर्षात दोन हंगामांचा अनुभव दुसऱ्या कोणत्या देशाशी करार करून मिळेल?

व्यापाराविषयी थोडक्यात लिहितो. काजूगराच्या जागतिक बाजारात ब्राझील हा भारताचा जुना स्पर्धक आहे आणि तेथून कच्च्या काजूची आयात वाढावी, असे मी सुचवणार नाही. आफ्रिकेतून येणाऱ्या स्वस्त काजूमुळे स्थानिक बीचा दर आधीच दबलेला आहे. देवाणघेवाण व्हावी ती यंत्रांची आणि प्रक्रियेची. तेथे सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या काजू कारखान्यांचा अनुभव आहे, आणि भारत व मर्कोसुर (ब्राझीलसह दक्षिण अमेरिकी देशांचा व्यापारी गट) यांच्यात २००९ पासून अमलात असलेला प्राधान्य व्यापार करारही आहे. त्यात काय बसते ते सरकारी अधिकाऱ्यांनी तपासावे.

काही वाचकांना पोर्तुगीज भाषेशी जोडलेली प्रत्येक गोष्ट खटकते, आणि त्यामागे पिढ्यांचे दुःख आहे. ज्यांच्या घरातली माणसे मुक्तिलढ्यात तुरुंगात गेली, देवळे गमावली, मराठी शाळांसाठी झगडली, त्यांच्या भावनांचा मी आदर करतो, कारण मी त्याच समाजातला आहे. परंतु ब्राझीलनेही १८२२ साली पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळवले. तेथील काजू उत्पादक हा बव्हंशी आपल्यासारखाच लहान शेतकरी आहे. त्याच्याशी बोलण्यासाठी ती भाषा वापरली, तर त्यात आपल्या स्वाभिमानाला कोठेही धक्का लागत नाही.

काजूच्या हंगामात राज्यात काजू महोत्सव भरवण्याची प्रथा आता सुरू झाली आहे. पुढच्या महोत्सवाला पिआवीतील काजुईना करणाऱ्या दोनतीन कुटुंबांना आणि एम्ब्रापाच्या कलमतज्ज्ञांना निमंत्रण द्यावे. त्यांचा मुक्काम पणजीपुरता न ठेवता त्यांना वाळपई आणि केपे येथे आणावे, आपल्या कोळंबीवर निरो कसा गाळतात ते त्यांना दाखवावे आणि त्यांच्याकडून रस निवळण्याचे प्रात्यक्षिक आमच्या महिला स्वयंसहाय्य गटांसमोर करून घ्यावे. वन विकास महामंडळाच्या ताब्यातील जुन्या काजू लागवडीपैकी एक छोटा तुकडा बुंधे कापून कलमे बांधण्याच्या चाचणीसाठी राखून ठेवावा. हे पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये यायचे असतील तर पत्रव्यवहार पावसाळा संपण्यापूर्वीच सुरू व्हायला हवा. कृषी खात्याने आणि विद्यापीठाने याबाबत आपली भूमिका आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक काजू बागायतदार
वाळपई, सत्तरी