परिवहन मंत्र्यांना खुले पत्र: ट्रॅक्टरचे टायर बघितलेत, ट्रॉलीचे कोण बघणार?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

हे पत्र मी खाटेवर पडून सांगतोय आणि पुतण्या मोबाईलवर टाइप करतोय. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या, बाकीच्या माझ्या.

काल पेपरात फोटो पाहिला. रस्ता सुरक्षा अभियानाचं उद्घाटन. आमच्याकडचे तुमच्या खात्याचे अधिकारी एका ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर चिकटवतायत. ट्रॅक्टरला झेंडूचा हार. ट्रॉली रिकामी, धुतलेली आणि एकच. महोदय, गळीत हंगामात एकटी, रिकामी आणि धुतलेली ट्रॉली फक्त फोटोतच दिसते. रस्त्यावर दोन-दोन असतात, टपापर्यंत भरलेल्या, आणि मागचा दिवा असलाच तर उसाच्या वाढ्यांखाली गाडलेला.

मी चार एकरांचा शेतकरी. ट्रॅक्टर बँकेच्या कर्जावर. नऊ हंगाम कारखान्याला ऊस वाहतोय. ऑक्टोबरात हंगामाच्या तोंडावर तुमच्या अधिकाऱ्यांनी आम्हा वाहनमालकांची बैठक घेतली. माईकवरून शब्द दिला, यंदा एकही ट्रॉली तपासल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही. टायर, ब्रेक, दिवे, जोडपिन, सगळं बघणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. चहा चांगला होता.

मग तपासणी झाली. माझ्या वाट्याला सहा-सात मिनिटं आली. साहेबांनी कागद बघितले, नंबरप्लेट बघितली, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर बूट आपटला आणि म्हणाले, "हे गोटा झालेत, बदला, नाहीतर सोडणार नाही." बरोबर बोलले. मी ट्रॉल्यांकडे बोट केलं. तिकडे टायरच्या आतल्या तारा दिसत होत्या. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर बाद, असं तुमचंच खातं राबवतं त्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय. माझ्या ट्रॉलीवर नक्षी शोधायला भिंग लागलं असतं. साहेब म्हणाले, "ट्रॉलीचं नंतर बघू." त्यांच्या मागे चाळीस ट्रॅक्टर रांगेत उभे होते, हेही खरं.

ट्रॉलीचे टायर मला स्वतःहून बदलता आले नसते का? आले असते. पण ५४ हजार रुपये ट्रॅक्टरच्या टायरजोडीत गेले होते आणि ऊसतोड टोळीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच देऊन बसलो होतो. माझी चूक कबूल आहे. आता तुमचं ऐका.

नवे टायर बसवले की गाडी सुरक्षित झाली, असं तुमच्या खात्याला वाटतं. मलाही वाटत होतं. टायर बसवणारा पोरगा मात्र म्हणाला होता, "मामा, पहिले तीन-चार दिवस रिकाम्या खेपा मारा, अंगावर भार घेऊ नका." नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्यावर गुळगुळीत थर असतो, तो घासून जावा लागतो. नव्या टायरचे गट्टे उंच असतात. शेतात ते माती धरतात, पण डांबरावर टायर त्या गट्ट्यांच्या डोक्यांवरच उभा राहतो, आणि वळणावर ते गट्टे अंग मोडतात. शिवाय टायर रिंगवर नीट बसावा म्हणून हवा जास्त मारतात. ती नंतर कमी करायची असते. माझी केली नव्हती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत वजनासाठी आम्ही पाणी भरतो, एकेका चाकात दीड-दोनशे लिटर. टायर बदलताना ते काढलं. परत भरायला अर्धा दिवस जातो. टोळी फडात बसून होती, मुकादम दर तासाला फोन करत होता. पाणी राहून गेलं.

म्हणजे ट्रॅक्टर मागून तीन-चारशे किलोंनी हलका, टायर फुगलेले आणि कोरे. त्याच्या मागे वीस टन ऊस, आणि ट्रॉल्यांना ब्रेक म्हणाल तर आमच्या भागात मी अजून पाहिलेला नाही. अडीच टनांच्या ट्रॅक्टरने वीस टन थांबवायचे. हे गणित तुमच्या बैठकीत कोणी फळ्यावर मांडलं नाही.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. रात्रीचे साडेअकरा. ओढ्याच्या पुलाआधी उतार आहे आणि कुणाच्या तरी पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं. समोरून मोटरसायकल आली, मी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबायला बघत होता, मागचं ओझं थांबायला तयार नव्हतं. आधी मागची ट्रॉली डावीकडे सरकली. तिने पुढचीला ढकललं, पुढचीने मला. मागची चाकं पाण्यावर कडेला निसटली आणि अडकित्ता मिटावा तसा ट्रॅक्टर ट्रॉलीवर मिटला. मधली सुपारी म्हणजे माझा डावा पाय.

मांडीच्या हाडात रॉड आहे. पाच आठवडे झाले. रात्री कूस बदलायची तर बायकोला उठवावं लागतं, आणि ती पहाटे चारला धारा काढायला उठते, म्हणून मी उठवत नाही. बारावीतला मुलगा शाळा सोडून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून जायचं म्हणतोय. दवाखान्याचं बिल दोन लाख दहा हजार. विमा कंपनीने कळवलंय की ट्रॅक्टरची नोंदणी शेतीसाठी आहे आणि भाड्याने ऊस वाहणं हा धंदा आहे, सबब क्लेम मिळणार नाही. ऊस शेती नाही हे मला पन्नाशीत कळलं. रस्त्यावर सांडलेला ऊस लोकांनी सकाळपर्यंत मोटरसायकलवर नेला. त्यांनाही नावं ठेवत नाही, गुरं सगळ्यांची आहेत.

मोटरसायकलवाला वाचला. तेवढं देवाने केलं.

मागण्या लिहायच्या असतात म्हणून लिहितो. ट्रॅक्टरचे टायर तपासाल त्याच दिवशी, त्याच जागी ट्रॉलीचे तपासा. पिन आणि साखळी हाताने हलवून बघा. टायर बदलायला लावलेत तर पाणी भरलंय का, हवा किती आहे, एवढे दोन प्रश्न विचारा, पैसे पडत नाहीत. ब्रेक नसलेली ट्रॉली रस्त्यावर येऊच कशी शकते, हे एकदा तुमच्याच लोकांना विचारा. आणि पंक्चर झालेली ट्रॉली रात्रभर रस्त्यात सोडून भोवती दगड रचायची जी पद्धत आहे, ती बंद करा. ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात.

पण तुम्ही हे करणार नाही, आणि का करणार नाही ते सांगतो. कायद्यात जादा भाराला २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार दंड आहे. तो माझ्यावर लावला असता तर मी रडलो असतो, पण दोन पायांवर उभा राहून. लावत नाही, कारण तो लावला तर संध्याकाळपर्यंत कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस गाळायला टाकतात ती जागा, रिकामी पडेल. आणि कारखान्यांचे चेअरमन कोण, संचालक कोण, त्यांच्या लग्नांत पहिल्या रांगेत कोण बसतं, ते मी सांगायला नको. वाहतुकीचा दर टनावर. टन वाढले तरच डिझेल निघतं. म्हणून आम्ही भरतो, कारखाना काट्यावर घेतो, तुमचं खातं दुसरीकडे बघतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो शेतकऱ्याच्याच बिलातून. म्हणजे माझ्या पायावर आलेला ऊस वाहून नेण्याचे पैसेही कुठल्यातरी माझ्यासारख्यानेच दिलेत.

हिशेब मांडतो, चुकला तर दुरुस्त करा. राज्यात हंगामाला दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. निम्मा ट्रॅक्टरने जातो असं धरा. वीस टनांची खेप. पंचवीस लाख खेपा झाल्या, तेवढ्याच परत रिकाम्या. पन्नास लाख वेळा हे धूड कुणाच्या तरी शाळेवरून, दवाखान्यावरून, एस.टी. स्टँडवरून जातं. आणि तुम्ही एका ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून फोटो काढता. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारचाच आकडा. दिवसाला साडेचारशेच्या वर. एवढी माणसं एखाद्या रोगाने मेली असती तर तुम्ही थाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

मला आता सगळीकडे तेच दिसतं. पुढे नवे टायर, मागे गोटा. दवाखान्याला नवी कमान, आत एक्स-रे बंद. शाळेला रंग, मास्तर एक. जो भाग फोटोत येतो तो बदलायचा. पुतण्या म्हणतोय काका, विषय सोडू नका. बरं, सोडत नाही.

आज सकाळी तुमच्या कार्यालयातून फोन आला. मला वाटलं, चौकशी असेल. तर अभियानाच्या समारोपाला "अपघातग्रस्त शेतकरी" म्हणून दोन शब्द बोलायला यावं, शाल-श्रीफळ आहे, गाडी पाठवतो, असं एक मॅडम फार गोड आवाजात म्हणाल्या. मी विचारलं, ट्रॉलीच्या तपासणीचं काय झालं? त्या म्हणाल्या, तो विषय साहेब बघतात.

येईन मी. मात्र डावा पाय गुडघ्यात वाकत नाही, तर व्यासपीठाला पायऱ्या नकोत. आणि पाठवाल ती गाडी ट्रॅक्टर नसावी.

आपला,
एक ऊस वाहतूकदार