लाव्यांचा बेत

सांगली, रविवार

प्रिय शुभे,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. मागच्या पडवीत लावे पाळायचे, आणि तेही पुढच्या आठवड्यात! थोडं थांब. पिंजरा तयार व्हायच्या आधी पक्षी घरात आणू नकोस, एवढं माझं ऐक. या पक्ष्याला सगळ्याचीच घाई असते. सतराअठरा दिवसांत अंड्यातून बाहेर, सहासात आठवड्यांत मादी अंडी घालायला तयार. आज आणू आणि उद्या जाळी ठोकू, हे इथे चालत नाही.

हॅचरीवाले, म्हणजे अंडी उबवून पक्षी विकणारे, ज्यांना बटेर म्हणतात ते जपानी लावे तुला हवेत. 1974 साली अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणलेल्या पक्ष्यांपासून आपल्याकडे त्यांचं पालन सुरू झालं. तुमच्याकडे गवतातून भुर्रकन उडतात ते लावे वेगळे. ते कुणी पकडून विकायला आणले तर दारातूनच परत पाठव, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. हॅचरीतून घेशील तेव्हा पावती माग आणि जपून ठेव.

पिल्लांचा मोह तेवढा आवर. जन्मतः जेमतेम आठ ग्रॅमचा जीव. पहिला आठवडा 35 ते 37 अंशांची ऊब लागते, पुढे ती हळूहळू उतरवायची. पाण्याच्या उथळ थाळीतसुद्धा बुडतात, म्हणून थाळीत गोट्या टाकून ठेवाव्या लागतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात, कधी कधी कायमचेच. आणि चिपळूणच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी तुला काय सांगू! पाच आठवड्यांच्या पुढच्या सहा माद्याच घे. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. तो वेळीअवेळी आरवतो आणि माद्यांच्या मानेची पिसं उपटतो. निवडताना छाती बघ: नराची सलग तांबूस, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. पांढरे पक्षी घेऊ नकोस, त्यांच्यात हा फरक दिसत नाही.

आता पिंजरा. सहा जणींना तीन फूट बाय दोन फूट ऐसपैस होतो. उंची मात्र फूटभरच ठेव. लावा दचकला की सरळ वर उसळतो. उंच पिंजऱ्यात त्याला वेग घ्यायला जागा मिळते आणि डोकं फुटतं. छताला आतून गोणपाट ताणून बांध. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेशच, म्हणजे चौकोनी घरांची कडक तारेची, घे. कोंबड्यांची ती षटकोनी जाळी दुकानदार स्वस्तात गळ्यात मारेल, पण तिच्यातून उंदीर येतो आणि मांजराचा पंजाही आत जातो. तळाच्या जाळीवर अर्ध्या भागात फळी टाकून भुसा पसर, नाहीतर पायांना जखमा होतात. एका कोपऱ्यात राख मिसळलेल्या कोरड्या मातीचं घमेलं ठेव. त्यात त्या जे लोळतात ना, पंख पसरून, एक पाय हवेत, डोळे अर्धे मिटलेले! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पक्षी मेला.

खाद्य एका पक्ष्याला दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे सहा जणींना महिन्याला साडेचार किलो. नुसत्या लेअर मॅशमधली, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या खाद्यातली, प्रथिनं त्यांना कमी पडतात, त्यांना वीस टक्क्यांच्या आसपास लागतात. त्यात थोडं ब्रॉयलरचं प्रीस्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांचं खाद्य, मिसळ आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव. पण पन्नास किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून उचलू नकोस. तुमच्याकडच्या दमटपणात त्याला बुरशी धरेल, आणि बुरशीचं खाद्य म्हणजे विषच. घरी देशी कोंबड्या असतील तर पिंजरा त्यांच्यापासून लांब ठेव, रोग एकमेकांना लागतात.

बहुतेक अंडी दुपार उलटल्यावर पडतात. दिवस लहान झाला की अंडी थांबतात. हिवाळ्यात संध्याकाळी दिवा लावून चौदा तास तरी उजेड मिळू दे. गंमत म्हणजे प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी आपापली असते. थोडे दिवस गेले की कुणी घातलं आणि कुणी दांडी मारली, ते तू सांगू शकशील.

आता हिशोब. एक अंडं दहाबारा ग्रॅमचं. सहा जणींनी मिळून दिवसाला पाच दिली, तरी वजनाने ते कोंबडीचं एक अंडं झालं! खर्च वसूल होईल हे मनातून काढ. ‘लाव्यांचं अंडं सर्व रोगांवर औषध’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नकोस, अंडं ते अंडंच. आणि ‘पाचशे पक्षी घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ’ म्हणणारा कुणी भेटला, तर आधी त्याच्याकडून अंडी खरंच घेतली जात असलेली चार घरं स्वतः जाऊन बघ.

एक मात्र माईंशी आधीच बोलून घे. वर्षभराने अंडी कमी होतात आणि पक्षी दोनतीन वर्षं जगतो. तुमच्या घरात मांस शिजत नाही, आणि मुलं त्यांना नावं ठेवणार. म्हाताऱ्या लाव्या सांभाळायच्या की कुणाला द्यायच्या, ते आत्ताच ठरवा.

सुताराला माप दिलंस की मला कळव. दार वरून उघडणारं करू नकोस, समोरून हात जाईल एवढंच कर. वरून हात आला की त्यांना घारच वाटते. दिवाळीनंतर मी येईनच, तेव्हा पावशेर लसूण चटणी आणते, उकडलेल्या अंड्यांबरोबर झकास लागते.

माईंना नमस्कार, पोरांना खाऊ.

तुझी,
नंदा