जिथे अडतं तिथे हात घाल

पुणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"आई, हा सगळा जुना कोड फेकून नव्याने लिहिला तर नाही का चालणार?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा तुझा आवाज फार थकलेला होता. म्हणून मी लगेच वाद घातला नाही. आता सविस्तर लिहिते. नाही चालणार. निदान आत्ता नाही, आणि विम्याच्या हप्त्यांच्या सिस्टिमसाठी तर नाहीच.

त्या जुन्या कोडमध्ये तुला जी घाण दिसते, तिच्यातला बराचसा भाग कुणाच्या तरी तक्रारीवरून, कुठल्या तरी नियमावरून घातलेला असतो. अमुक पॉलिसीला हप्ता भरायला जास्त दिवस का मिळतात, अमुक राज्यासाठी वेगळी 'इफ' ('असं असेल तर तसं कर' अशी अट) का लागली, हे आज कुठल्याही कागदावर सापडणार नाही. ज्यांना माहीत होतं ती माणसं नोकरी सोडून गेली. ती माहिती आता फक्त त्या ओळींत आहे. कोड फेकलास की ती पण गेली, आणि मग एकेक ग्राहक भांडायला आला की ती पुन्हा शिकायची. नेटस्केपने नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपला ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला. चौथी आवृत्ती १९९७ ची. त्यानंतरची मोठी आवृत्ती आली नोव्हेंबर २००० मध्ये, तीही थेट सहावी. पाचवी बाजारात आलीच नाही. तोवर लोक इंटरनेट एक्सप्लोररकडे वळले होते. त्याला इतर कारणंही होती, पण मधली तीन वर्षं हातात सांगण्यासारखं नवं काही नसणं हे कुठल्याही कंपनीला महागच पडतं.

आता तू सांगितलेल्या कोडमधल्या दोषांच्या यादीबद्दल. लांबच लांब फंक्शन्स (एकेक काम करणारे कोडचे तुकडे), अर्थ न कळणारी नावं, कोडची गुंतागुंत मोजणाऱ्या टूलने लाल करून दाखवलेल्या फायली. यादी खरी आहे, पण तिचा क्रम मला पटत नाही. तुझं टूल जो आकडा दाखवतं त्याची पद्धत थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडली. फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा मोजायच्या. प्रत्येक इफ, प्रत्येक लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) एक वाट वाढवतो. आकडा दहाच्या वर गेला की सावध व्हायचं. पद्धत चांगली आहे, मी अजून वापरते. पण त्या फाइलचा कुणाला त्रास होतो आहे का, हे त्या आकड्यातून कळत नाही. ज्या फाइलला गेली आठ वर्षं कुणी हात लावलेला नाही आणि जी रोज रात्री मुकाट्याने आपलं काम करते, ती कितीही लाल असली तरी तिला राहू दे. तिथे घालवलेला वेळ कुणाच्याच उपयोगाचा नाही, उलट चालतं काम बिघडायची भीती.

तू गिटचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा, इतिहास काढ. गेल्या दोन वर्षांत कुठल्या फाइलला किती कमिट (नोंदवलेले बदल) लागले ते मोज आणि ती यादी टूलच्या यादीशेजारी ठेव. जी फाइल दोन्हीकडे वर आहे, म्हणजे गुंतागुंतीचीही आहे आणि सारखी बदलावीही लागते, तिथे तुमच्या टीमचे दिवस जातात. मग आणखी एक बघ: कुठल्या फायली नेहमी जोडीने बदलतात? हप्त्याचा दर बदलला की पावतीच्या छपाईची फाइलही बदलावी लागत असेल, तर दराचं ज्ञान दोन ठिकाणी शिरलेलं आहे. हे कोड वाचून सहज दिसत नाही, इतिहासात लगेच दिसतं. आणि सपोर्टवर जे बसतात त्यांच्याबरोबर एकदा चहा घे. कुठला बग 'बंद' करूनही परत परत येतो हे त्यांना तोंडपाठ असतं. माझ्या अनुभवात त्यांना हे विचारायला फार कमी डेव्हलपर जातात.

तारखेतल्या दोन अंकांवरून वर्ष ठरवणाऱ्या तुझ्या फंक्शनपाशी मी जरा थांबणार आहे, कारण तो प्रकार मी जवळून पाहिला आहे. मी कामाला लागले तेव्हा वाय-टू-केची, म्हणजे सन २००० च्या तारखांची, धांदल होती. पुण्या-मुंबईतल्या कित्येक कंपन्यांकडे परदेशी बँकांचा आणि विमा कंपन्यांचा कोबोल या जुन्या भाषेतला कोड तपासायला आलेला असायचा. वर्ष दोन अंकी साठवलेलं, ९८, ९९, आणि पुढे ०० आलं की १९०० समजायचं की २०००? खरा उपाय म्हणजे सगळीकडे चार अंक करणं. पण मग प्रत्येक फाइल, प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक छापील फॉर्म आणि समोरच्या कंपनीची सिस्टिमही बदलायची. तेवढा वेळ सगळ्यांकडे नव्हता. म्हणून अनेकांनी विंडोइंग केलं: एक सीमा ठरवायची, तिच्या खालचा आकडा २००० च्या पुढचा, वरचा १९०० च्या पुढचा. काम वेळेत झालं आणि १ जानेवारी २००० बहुतेक ठिकाणी शांतपणे पार पडला. त्या लोकांना नावं ठेवू नकोस, त्यांनी दिलेल्या मुदतीत जमेल ते नीट केलं.

पण ती सीमा प्रत्येकाने आपापली ठरवली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) ६८ पर्यंतचे आकडे २०६८ पर्यंत जातात आणि ६९ पासून १९६९ सुरू होतं. एक्सेलमध्ये बरीच वर्षं २९ ही सीमा होती. जावा या भाषेचं जुनं तारीख वाचणारं फंक्शन तर चालू क्षणापासून ८० वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे अशी खिडकी धरतं, म्हणजे त्याचं उत्तर दरवर्षी सरकतं. तुमच्या सिस्टिममध्ये एक्सेलमधून आलेली यादी जावा वाचतं आणि रात्रीचा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) सी भाषेत आहे, हे तूच सांगितलंस. मग '४०' हा आकडा एका टोकाला १९४० आणि दुसऱ्या टोकाला २०४० होऊ शकतो. असा बग रोज येत नाही. म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो.

तू म्हणालीस, हे वर्ष ठरवणारं लॉजिक चार जागी कॉपी-पेस्ट केलेलं आहे आणि तुला ते एकत्र करायचं आहे. थांब. आधी प्रत्येक जागी कुठलं वर्ष ठरतंय ते बघ. जन्मतारखेतला '४०' म्हणजे १९४०. पंच्याऐंशीच्या घरातल्या आजोबांची ती तारीख. मुदतपूर्तीच्या तारखेतला '४०' म्हणजे २०४०. दोन्ही फंक्शन्स अक्षरन् अक्षर सारखी दिसत असतील, फक्त सीमेचा आकडा वेगळा असेल, आणि एखाद्या हुशार मुलीला वाटेल की तो आकडा कुणीतरी चुकून वेगळा लिहिलाय. ती एकच आकडा ठेवेल आणि आजोबांचं वय उणे करून टाकेल. दोन तुकडे सारखे दिसतात एवढ्यावर ते एक करायचे नसतात. उद्या नियम बदलला तर दोन्ही एकाच कारणाने बदलतील का, एवढं स्वतःला विचार. इथे नाही बदलणार. म्हणून जन्मवर्षाचं एक फंक्शन कर आणि मुदतपूर्तीचं दुसरं. नावंच अशी दे की पुढच्या माणसाला कुठलं वापरायचं ते शोधावं लागणार नाही. आणि वर्ष सिस्टिममध्ये शिरतं त्या दारातच त्याचे चार अंक करून टाक, म्हणजे आत कुणालाच पुन्हा अंदाज करायला नको.

हात लावण्याआधी मात्र जुनं वागणं पकडून ठेव. गेल्या वर्षाच्या पॉलिसी घे, नावं-पत्ते काढून टाक, जुन्या कोडमधून चालव आणि आलेली उत्तरं फाइलमध्ये साठव. ती उत्तरं बरोबर आहेत का हा प्रश्न आत्ता विचारूच नकोस; आज ती अशी आहेत, एवढंच टिपून ठेवायचं. मग तुझा बदल करून तीच माहिती पुन्हा चालव आणि दोन्ही निकाल ताडून बघ. जिथे फरक दिसेल तिथे थांबून कारण शोध. बरेचदा फरक अर्ध्या पैशाचा असतो: जुना कोड अर्धा पैसा नेहमी वर नेतो आणि नवी लायब्ररी जवळच्या सम अंकाकडे नेते. एका हप्त्यावर काहीच नाही, पण लाखो हप्त्यांच्या बेरजेला लेखापाल विचारणारच.

आणि जुनं वागणं चुकीचं आहे असं दिसलं तरी ते लगेच दुरुस्त करायला धावू नकोस. एक्सेल आजही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मानतं, जी कधी नव्हतीच, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. ती चूक लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घ्यायला मुद्दाम ठेवली गेली. आज ती काढली तर त्यापुढच्या सगळ्या तारखांचे क्रमांक एकने हलतील आणि जगभरच्या शीट्सची गणितं चुकतील. तुमच्याकडेही कुणीतरी त्या चुकीच्या उत्तरावर आपला रिपोर्ट बसवलेला असणार. आधी त्याला शोध.

कमिटबद्दल मी आग्रही आहे. कोडची जागा बदलणं, नाव बदलणं हे एका कमिटमध्ये. वागणं बदलणं दुसऱ्यात. दोन्ही एकत्र केलंस तर रिव्ह्यू करणाऱ्याला चारशे हललेल्या ओळींत बदललेली एक ओळ दिसणार नाही. त्याचा दोष नाही, ती कुणालाच दिसणार नाही.

आता मेलेल्या कोडबद्दल. 'वापरात नाही, पण राहू दे' असं तुमच्या टीममध्ये म्हणतात हे ऐकून मला काळजी वाटली. नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन शेअर दलाल कंपनी होती. तिच्या सिस्टिममध्ये पॉवर पेग नावाची एक सोय होती, ती त्यांनी २००३ मध्ये वापरणं बंद केलं, पण कोड काढला नाही. २००५ मध्ये कुणीतरी शेअरची किती खरेदी-विक्री पूर्ण झाली ते मोजणारा भाग दुसरीकडे हलवला. पॉवर पेगला कधी थांबायचं ते त्या मोजणीवरूनच कळायचं. पण ते वापरात नाही म्हणून ते अजून नीट चालतं का, हे कुणी तपासलं नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या नव्या योजनेसाठी कोड लिहिताना त्यांनी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग (सोय चालू-बंद करायची खूण) नव्या कामासाठी वापरला. आठ सर्व्हरपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, एकावर टाकायचा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं बंद असलेला कोड जागा झाला. तो ऑर्डरमागून ऑर्डर पाठवत सुटला, थांबायचं कधी हे त्याला कळेना. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने पॉवर पेगचं नाव असलेल्या ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवल्या होत्या. त्या इशारा म्हणून पाहायच्या असतात असं कुणाला सांगितलेलंच नव्हतं. गोंधळ थांबवायला लोकांनी उरलेल्या सातही सर्व्हरवरून नवा कोड काढला, आणि मग तिथेही जुना जागा झाला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसरीत विलीन झाली.

यात कुणी मूर्ख नव्हतं. प्रत्येक पायरी त्या-त्या दिवशी साधी वाटली असणार. म्हणून म्हणते, जो कोड वापरात नाही तो काढून टाक. गिटमध्ये तो राहतोच, लागला तर परत आणता येतो. काढण्याआधी मात्र तो खरंच कुणी वापरत नाही ना ते लॉगमधून बघ. त्यासाठी एक वर्षअखेर मध्ये जाऊ दे, कारण विम्यातले काही जॉब फक्त ३१ मार्चला चालतात. आणि जुना फ्लॅग नव्या अर्थाने कधीही वापरू नकोस. नवा फ्लॅग करायला काहीही खर्च येत नाही.

कॉमेंटबद्दल फार लिहीत नाही. काय करतोय ते कोडने सांगावं. का करतोय ते तू लिही, आणि ज्या नियमामुळे किंवा तक्रारीमुळे केलं तिचा क्रमांक सोबत दे.

राहिला वेळेचा प्रश्न. मॅनेजरकडे जाऊन 'सफाईसाठी महिनाभर द्या' असं म्हणू नकोस, मिळणार नाही, आणि मिळाला तरी महिनाअखेरीस दाखवायला काही नसेल. पुढचं जे काम तुझ्याकडे येईल त्याच्या वाटेवर जो भाग आडवा येतो तेवढाच आधी सोपा कर आणि त्याचा वेळ त्या कामाच्याच अंदाजात धर. नव्या पेन्शन योजनेचं काम तुझ्याकडे येणार आहे ना? ते मुदतपूर्तीच्या तारखेशिवाय होणारच नाही. सुरुवात तिथून कर. मागच्या सहा महिन्यांत तारखांवरून किती तक्रारी आल्या हे सपोर्टकडून घेऊन मीटिंगला जा. आकडा समोर असला की तुला ओरडून सांगावं लागणार नाही.

एक राहिलं. तुझ्या चाचण्यांत २९ फेब्रुवारी २००० असू दे. २००० हे लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं, म्हणून '००' ला १९०० समजणारा कोड ही तारीख नाकारू शकतो किंवा चुकीची धरू शकतो. त्या दिवशी जन्मलेली मुलं आता नोकरीला लागून पॉलिसी घ्यायच्या वयाची आहेत. त्या चारही जागांमधून ही तारीख उद्याच पाठवून बघ आणि कुठे काय येतं ते मला रात्री फोनवर सांग.

तुझी,
आई