वाशिष्ठीचा गाळ उपसण्याआधी त्याचे नमुने घ्यावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतील गाळ काढण्याचे काम सुरू झाले. ते आवश्यकच होते आणि त्याला माझा विरोध नाही. मात्र हा गाळ केव्हा, कोठून आणि कशामुळे साचला याचा पुरावा त्याच्याच थरांत असतो आणि यंत्राने उपसून काठावर टाकलेल्या ढिगात सगळे थर मिसळले की तो कायमचा नाहीसा होतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

जुने परागकण, जळके धान्य, कोळशाचे कण, शिंपले आणि माशांची हाडे यांवरून माणसाने भोवतालचा निसर्ग कसा बदलला हे शोधणाऱ्या अभ्यासाला पर्यावरणीय पुरातत्त्व म्हणतात. खाडीच्या तळात नळी ठोकून गाळाचा अखंड नमुना काढला, तर खोलवरच्या थरांचे वय किरणोत्सारी कार्बनवरून आणि गेल्या शंभरेक वर्षांतील थरांचे वय शिसे-210 या किरणोत्सारी शिशावरून ठरवता येते. काजू पोर्तुगीजांनी 16 व्या शतकात आणला, त्यामुळे त्याचे परागकण ज्या थरात सापडतील तो थर त्यानंतरचाच. अण्वस्त्र चाचण्यांतून जगभर पसरलेल्या सीझियम-137 या किरणोत्सारी पदार्थाचे प्रमाण 1963 च्या सुमारास सर्वाधिक होते, आणि कोयना प्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, वाशिष्ठीत येऊ लागले तेही 1960 च्या दशकातच. म्हणजे प्रवाह बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा गाळ वेगळा ओळखण्याची खूण निसर्गात आयतीच उपलब्ध आहे.

गाळाला कोणी जंगलतोड जबाबदार धरतो, कोणी डोंगरकापणी, तर कोणी अवजल. जंगली झाडांचे परागकण घटून कोळसा वाढला त्याच थरापासून गाळ साचण्याचा वेग वाढलेला दिसला, तर उपाय डोंगरउतारावर करावे लागतील. तो वेग अलीकडच्या दशकांतच वाढला असेल, तर रस्ते आणि खाणींकडे पाहावे लागेल. कारण न शोधता केलेला उपसा दर काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल, अशी मला भीती वाटते. एकेकाळी गलबते ज्या गोवळकोट बंदरापर्यंत येत, तेथील खाडी कशी भरत गेली हेही यातूनच कळेल.

असे काम आपल्याच राज्यात झालेले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात घोड नदीकाठी इनामगावच्या प्राचीन वस्तीचे उत्खनन केले. तेथील सु. इ. स. पू. 1000 नंतरच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि संशोधकांनी या उतरणीचा संबंध वाढत्या अवर्षणाशी जोडला.

हीच पद्धत खारभूमीला, म्हणजे खाडीचे खारे पाणी बांधाने अडवून मिळवलेल्या जमिनीलाही लागू पडते. बांध घालण्यापूर्वी तेथे कांदळवन किती आत होते हे गाळातील परागकण सांगतात. वारंवार खांडी पडणाऱ्या बांधांपैकी कोणते दुरुस्त करावेत आणि कोठे कांदळवनाला जागा परत द्यावी, हे ठरवताना ती माहिती नकाशाइतकीच उपयोगी पडेल.

जलसंपदा विभागाने उपशाच्या प्रत्येक नव्या टप्प्यापूर्वी, अजून न हाललेल्या जागी, असे अखंड नमुने घेण्याची अट कामाच्या निविदेतच घालावी आणि ते डेक्कन कॉलेज किंवा लखनौच्या बिरबल साहनी संस्थेकडे तपासणीस पाठवावेत. त्याचे निष्कर्ष मराठीत ग्रामपंचायतींना मिळावेत, अशीही विनंती आहे.

आपला,
एक वाचक, चिपळूण