समुपदेशकाच्या खोलीला दार हवे

महोदय,

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितले. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. शाळा-महाविद्यालयांबरोबर क्लासेस, निवासी अकादम्या आणि हॉस्टेललाही हे लागू आहे, आणि कायदा होईपर्यंत बंधनकारक आहे.

आता नेमणुका होतील. पण मुले समुपदेशकाकडे जातील का, हे खोली कुठे आहे यावर ठरते. मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून, काचेच्या खोलीत किंवा स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी कुणी मन मोकळे करत नाही. ग्रंथालयाच्या बाजूला, जिथे जाताना “कुठे निघालास?” असे कुणी विचारत नाही, अशी जागा द्या. पडदा नको, दार हवे. शिपाई भर वर्गात येऊन “तुला समुपदेशक मॅडमनी बोलावलंय” म्हणाला की ते मूल पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. त्यापेक्षा कुलूपबंद चिठ्ठीपेटी ठेवा, किल्ली फक्त समुपदेशकाकडे. आणि गणिताच्या सरांनाच चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवू नका. जो गुण देतो, त्याच्यापुढे मूल आपली भीती बोलत नाही.

पहिल्याच भेटीत “कुणालाच सांगणार नाही” असे वचन देणे ही नवख्यांची नेहमीची चूक. “तुझ्या जिवाला धोका वाटला तर घरी सांगावं लागेल, पण कुणाला आणि काय सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलून” असे सुरुवातीलाच सांगावे. मूल हे समजून घेते. वचन मोडलेले मात्र ते विसरत नाही.

किशोरवयातले नैराश्य दर वेळी रडवेले नसते. चिडचिड, मेसचा डबा तसाच परत जाणे, रात्रभर जागरण, आवडीचा खेळ सुटणे, वस्तू वाटून टाकणे. असे दोन आठवडे टिकले तर “वयच तसलं आहे” म्हणून सोडू नये. जिवाबद्दल शंका आली तर सरळ विचारावे, “मरून जावं असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे उतरते. उत्तर ‘हो’ आले तर त्या मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका, पालकांना बोलवा, घरातली-खोलीतली धोक्याची वस्तू हलवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. खासगीचे परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये केसपेपर काढावा.

औषधे सुरू झाल्यावर घरात दोन गोष्टी बिघडतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद होतात, नाहीतर बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्या जातात. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष हवे, कारण अस्वस्थता वाढू शकते. तसे दिसले तर स्वतः गोळ्या बंद न करता डॉक्टरांना लगेच कळवावे.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या धाकाने घरचे लोक रुग्णालयात “अपघात झाला” असे सांगतात. मग जखम बरी होते, मनाकडे कुणी बघत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी आहे. डॉक्टरांना खरे सांगा.

गुणांवरून बॅच पाडणेही न्यायालयाने टाळायला सांगितले आहे. लातूर, नांदेडच्या क्लासचालकांनी निदान आठवडी चाचणीची नावांसकट क्रमवारी भिंतीवरून काढावी. प्रत्येकाचे गुण त्याच्या हातात देता येतात. हॉस्टेलच्या रेक्टरांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळायला हवे. रात्री अकराला मुलांजवळ तेच असतात.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. आत्महत्येच्या बातमीत पद्धत, चिठ्ठीतला मजकूर आणि ‘नापास झाल्याने’ असे एकच कारण छापू नये. त्या बातमीखाली आणि दहावी, बारावी, ‘नीट’च्या निकालाच्या पानावर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक चौकटीत द्यावा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येते आणि गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाशी जोडून देतात.

– शाळा-महाविद्यालयांत काम करणारे समुपदेशक, लातूर