गाडी खाली बसवण्याआधी स्प्रिंगचा आकडा विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शेजारचा एक मुलगा आपली हॅचबॅक घेऊन माझ्या दारात आला. गाडी इतकी खाली बसवलेली होती की आळीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकाला तिचा ऑइल चेंबर घासल्याचा आवाज मला ओटीवर बसल्या जागी ऐकू आला. 'काका, आता यात कडक शॉकअप कुठले टाकू? हिवाळ्यात ट्रॅकवर जायचं म्हणतोय,' असे त्याने विचारले. पुढचे चाक जॅकवर उचलले, तर स्प्रिंग आपली बैठक सोडून खुळखुळू लागली. तिचे खालचे टोक गॅसने कापलेले होते आणि कापल्या जागी पोलाद निळे पडले होते. अशा गाड्या आता चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत दिसू लागल्या आहेत. त्यांच्या मालकांकडे हौस असते, पैसा असतो, शिकण्याची तयारीही असते. वानवा असते ती नीट सांगणाऱ्याची, म्हणून हे पत्र.

मी तज्ज्ञ नव्हे, हौशी माणूस आहे. माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक रोज बाजारात जाते, गणपतीत मागे तीन माणसे आणि डिकीभर सामान वाहते, आणि वर्षातून एकदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर धावते. रत्नागिरीहून तिथे जाऊन येण्याचे अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर भरते, आणि जेमतेम दोन किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर दिवसभरात माझे शंभर किलोमीटरही होत नाहीत. सस्पेन्शन निवडताना हा हिशेब आधी मांडायला हवा होता. मी तो मांडला नाही, आणि त्याचे फळ मला कुंभार्ली घाटात मिळाले.

चार वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून उंची कमी-जास्त करता येणारे शॉकअप आणि स्प्रिंगांचा संच बसवून घेतला. 'ट्रॅकवर जायचंय ना, मग कडकच पाहिजे,' असे म्हणत तिथल्या माणसाने गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली आणि चारही शॉकअपच्या कडकपणा ठरवणाऱ्या कळा शेवटपर्यंत पिळून दिल्या. पुढे ऑगस्टमध्ये कोयनानगरहून पोफळीकडे उतरताना एका वळणाआधी उखडलेल्या, लाटालाटांच्या डांबरावर मी ब्रेक दाबला. पेडलखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर सुरू झाली आणि थांबेचना, कारण चाके रस्त्याला धरून राहण्याऐवजी उंचवट्यांवरून उड्या मारत होती. ओल्या रस्त्यावर गाडी सरळ पलीकडच्या बाजूला गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. समोरून एसटी आली नाही, एवढेच माझे नशीब. घरी येऊन चाक काढले, तेव्हा आत धक्का झेलणारा बंप स्टॉपचा रबर चिरफाळलेला होता.

त्या रात्री मी जो हिशेब केला तो इथे मुद्दाम देतो. माझ्या गाडीच्या पुढच्या मूळ स्प्रिंगचा दर, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, २५ न्यूटन होता आणि गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत दबायला सुमारे ७० मिलिमीटर जागा होती. म्हणजे टेकण्याआधी ती स्प्रिंग १७५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १७८ किलोंचा जादा भार झेलत होती. दुकानदाराने दर दुप्पट केला, ५० न्यूटन, पण जागा उरली फक्त ३०. गुणाकार १५०० न्यूटन, म्हणजे १५३ किलो. दुप्पट कडक स्प्रिंग घालूनही गाडी पूर्वीपेक्षा लवकर टेकत होती! वरून प्रत्येक बारीक खड्डा मणक्याला कळत होता, ते वेगळेच. आता माझ्याकडे ३५ न्यूटनची स्प्रिंग आहे आणि गाडी केवळ १५ मिलिमीटर खाली आहे. उरलेली ५५ मिलिमीटर जागा गुणिले ३५, म्हणजे १९२५ न्यूटन. ही गाडी वळणावर मूळ गाडीपेक्षा कमी झुकते आणि खड्ड्यात मूळ गाडीपेक्षा उशिरा टेकते. 'किती खाली?' या प्रश्नाच्या आधी 'टेकायला किती जागा उरेल?' हे विचारायचे असते, आणि ते मला कोणत्याही दुकानात कुणी विचारलेले नाही.

कापलेल्या स्प्रिंगचे गणित याहून वाईट. सहा कामाच्या वेटोळ्यांपैकी एक कापले की उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते, पण जागा जाते ती त्याहून कितीतरी जास्त. गॅसच्या आचेने पोलादाचे पाणी उतरते, आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग बैठकीत राहत नाही. घाटातल्या खड्ड्यातून चाक वर येताना ती वाकडी बसली तर काय होईल, हे मी त्या मुलाला सांगितले नाही. त्याच्या वडिलांना सांगितले.

स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप तिची उसळी आवरतो, ही दोन कामे आपल्याकडे सर्रास एकच समजली जातात. एका चाकावर येणारे गाडीचे वजन सुमारे ३०० किलो धरले, तर २५ न्यूटनच्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा डोलते, ३५ वर पावणेदोन वेळा आणि ५० वर दोनाहून किंचित जास्त. रस्त्यावरच्या साध्या गाड्या एक ते दीडच्या दरम्यान असतात. दोनाच्या पुढची गाडी गुळगुळीत ट्रॅकवर शोभते; आमच्या निवळीच्या घाटात ती पाठीशी वैर धरते. स्प्रिंगचा दर जितका पट वाढतो त्याच्या वर्गमुळाइतका शॉकअपचा जोर वाढवावा लागतो. म्हणजे ३५ च्या स्प्रिंगला मूळ शॉकअपच्या सुमारे १८ टक्के जास्त जोर पुरतो, आणि ५० च्या स्प्रिंगला ४१ टक्के जास्त लागतो. साठ हजार किलोमीटर धावलेल्या शॉकअपवर नुसत्या कडक स्प्रिंगा चढवणे, किंवा मूळ स्प्रिंगांवर शर्यतीचे शॉकअप पिळणे, या दोन्हींत पैसे वायाच जातात.

माझ्या अपघाताची वेळ आली होती ती शॉकअप गरजेहून जास्त पिळल्यामुळेही. दबण्याची चाल म्हणजे बंप आणि ताणले जाण्याची चाल म्हणजे रिबाउंड. रिबाउंड गरजेहून कडक असला की एका खड्ड्यात वर गेलेले चाक पूर्ण खाली येण्याआधीच दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा, आणि गाडी पायरीपायरीने आपल्याच चाकांवर बसत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते गाडी कडक आहे, म्हणजे रस्त्याला चिकटलेली असणार. प्रत्यक्षात टायर हवेत असतो.

जुळवणीसाठी मी आरे-वारेच्या रस्त्यावरचा दोन किलोमीटरचा एक तुकडा धरून ठेवला आहे. त्यात चढ आहे, वळणे आहेत, एक मोरी आहे आणि बुजवलेले खड्डे आहेत. पहाटे, रस्ता मोकळा असताना, रोजच्याच मर्यादित वेगाने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा चालवायचा. गाडीची हद्द पाहण्याची जागा ट्रॅक आहे, रस्ता नव्हे. टायरचा दाब आधी सारखा करून घ्यायचा, शॉकअपची कळ पूर्ण घट्ट करून तिथून मागे क्लिक, म्हणजे कळीचे टप्पे, मोजायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून वहीत लिहायची. सर्वांत मऊ बाजूकडून सुरुवात केली की मोरीवरून उतरल्यावर गाडी दोन-तीन वेळा डोलते. एकेक क्लिक घट्ट करत गेले की एका जागी ती एकदाच वर येऊन स्थिर होते. त्याच्या पुढे बुजवलेले खड्डे स्टिअरिंगमध्ये टोचू लागतात, तिथून एक क्लिक मागे यायचे. शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट न आवळता अडकवून ठेवला की परत आल्यावर तो जिथे सरकलेला असेल तेवढी चाल वापरली गेली, हे पट्टीने मोजता येते. दहा रुपयांच्या त्या टायने मला जेवढे शिकवले तेवढे महागड्या संचाच्या माहितीपत्रकाने शिकवले नाही.

ट्रॅकवर पोचल्यावर पुढे-मागे दोन-तीन क्लिक वाढवतो, आणि टायर तापून दाब चढला की तेवढी हवा काढतो. संध्याकाळी निघण्यापूर्वी वहीतले जुने आकडे आणि हवा परत. पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, उणे दीड अंश (वरची कड आत) ठेवला आहे; टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असणे, शून्य. टायर आतून झिजतात ते कॅम्बरमुळे, असा समज आहे, पण टो चुकला तर ते त्याहून लवकर संपतात.

आणखी एक गोष्ट फिटर मंडळींच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेली, गाडी फार खाली बसवली की चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आडवा न राहता चाकाकडे वर चढतो. त्यामुळे वळणावर गाडी झुकवणारा जोर उलट वाढतो आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडची चाल आर्मशी जुळेनाशी होऊन खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळते. तसेच आर्मच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून मगच आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

समुद्राकाठच्या आपल्या हवेचाही विचार हवा. मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात शॉकअपची उंची बदलण्याच्या आट्या एका पावसाळ्यात गंजून धरतात, मग उंची बदलण्याच्या सोयीला काहीच अर्थ उरत नाही. मी दिवाळीआधी गोड्या पाण्याने धुऊन, ब्रश मारून ग्रीस लावतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे, तेव्हा खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा केलेली बरी.

त्या मुलाने आता मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप घातले आहेत, आणि उरलेले पैसे टायरसाठी ठेवले आहेत. आपल्या दैनिकामार्फत जिल्ह्यातील विक्रेत्यांना आणि गॅरेजवाल्यांना माझी एवढीच विनंती आहे की बिलावर 'स्पोर्ट' किंवा 'कडक' असा शब्द न लिहिता स्प्रिंगचा दर न्यूटनमध्ये, गाडी किती मिलिमीटर खाली आली आणि बंप स्टॉपपर्यंत किती जागा उरली, हे तीन आकडे लिहून द्यावेत, आणि अलाइनमेंटचा आधीचा व नंतरचा कागद त्याला टाचून द्यावा.

आपला,
एक वाहनधारक वाचक,
रत्नागिरी